गार्डबाबूंची पहाडी

घर भाड्यानं देताना लोक काय काय विचारतात. गाव कोणतं, पगार किती, पाहुणे फार येतात का. पांढुर्ण्यातल्या आमच्या घरमालकानं माझ्या पायांकडे पाहिलं आणि एकच विचारलं, "चालता येते का व बाई?"

मी नागपूरहून नवी नवरी होऊन आले होते. पायांत लग्नातल्या उंच टाचेच्या सँडल, आणि नाक त्या टाचांहून उंच. म्हातारा चावट दिसतो, असं माझं तिथल्या तिथे मत झालं. "येतं की," मी म्हणाले.

"मंग घर तुमचं. दर रविवारी पहाडीवर यायचं. माह्या घरचे सारे भाडेकरू येतेत."

"आणि नाही आलं तर?"

"तं दुसरं घर पाहाचं. गाव काही लहान नाही."

आमचे हे नागपूरच्या एका संस्थेच्या तिथल्या शाळेत नुकतेच मास्तर म्हणून लागलेले. त्यांनी सामान आधीच उतरवून घेतलं होतं. माझं आरशाचं सागवानी टेबल, लग्नात मिळालेलं, ओसरीवर उन्हात उभं होतं आणि त्यात माझं फुगलेलं तोंड मला दिसत होतं. दुसरं घर बघायची सोयच उरली नव्हती. अशा रीतीनं मी निसर्गप्रेमी झाले.

घरमालक रेल्वेतून निवृत्त झालेले. मालगाडीचे गार्ड. अख्खं गाव त्यांना गार्डबाबू म्हणायचं. उंच, थोडे पोक आलेले, बटणं तुटलेला पांढरा कोट, गळ्यात दोरीला शिट्टी. आंघोळीलाही ती शिट्टी निघत नाही, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं. तिला आम्ही काकू म्हणायचो. काखेत दोन गुंडाळलेल्या झेंड्या, एक लाल, एक हिरवी. नोकरी संपली तरी झेंड्या संपल्या नव्हत्या. न्हाणीघरात ते असले की बाहेर खुंटीला लाल झेंडी. काकूंचा चहा झाला की स्वयंपाकघराच्या दारात हिरवी. काकूंनी स्वतः मात्र कोणतीच झेंडी कधी मानली नाही.

"हा मानूस जिंदगीभर गाडीच्या शेपटीवर बसून होता," काकू म्हणायच्या, "म्हनून याले साऱ्या दुनियेची पाठच दिसते."

ते खरंच होतं. गार्डबाबू कधी कुणाच्या पुढे चालायचे नाहीत. रविवारी सकाळी गल्लीत शिट्टी व्हायची, आम्ही बायाबापड्या, पोरंसोरं निघायचो आणि ते सगळ्यात मागे. मी मुद्दाम रेंगाळायचे, की म्हातारा पुढे जाईल आणि मला गुपचूप घरी पळता येईल. मी थांबले की ते थांबायचे. मी चपलेतला खोटा खडा काढायचे, ते आभाळाकडे पाहायचे. एकदा मी वैतागून म्हणाले, "तुम्ही व्हा ना पुढे!"

"गार्ड पुढं गेला, तं मांगं कोन सुटलं ते कोन पाहीन?" ते म्हणाले. त्यांनी मला पहिल्या महिन्यातच पुरतं ओळखलं होतं.

पहाडी तिगाव स्टेशनकडच्या बाजूला. मी नागपूरची, आणि त्यातही स्वतःला पुण्याची समजणारी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाले, "याला डोंगर म्हणतात तुमच्याकडे?" सातपुडा नागपूरकडे उतरता उतरता दमून जिथं बसला, तिथलं ते एक गुडघ्याएवढं टेंगूळ असेल, असं मला वाटलं. चढताना कळलं की गुडघे माझे आहेत. अर्ध्या वाटेत सँडलची टाच मोडली. मी ती रागानं भिरकावली. मागून आलेल्या गार्डबाबूंनी उचलली, कोटाच्या खिशात घातली आणि संध्याकाळी धुऊन आणून दिली. "पहाडीवर काही फेकाचं नाही," एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी मी काकूंच्या वहाणा घालून गेले.

वर काय होतं? काही नव्हतं. दगड, मुरूम, आणि जमिनीलगत कापलेल्या झाडांची खोडं, काळी पडलेली. बकऱ्या यायच्या, उन्हाळ्यात वणवा यायचा, लाकूड तोडणारे यायचे, आणि हिरवं म्हणून जे काही डोकं वर काढेल ते या तिघांपैकी कोणाच्या तरी वाट्याला जायचं. जुनी माणसं सांगत, एके काळी तिथं दुपारी अंधार असायचा. गार्डबाबूंना तो अंधार परत आणायचा होता. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतंच.

"कोणती झाडं लावायची?" असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी तर वाटच बघत होते! मी म्हणाले, गुलमोहर लावू. मध्ये अशोकाची रांग. वाटेच्या दोन्ही बाजूंनी चुना दिलेले दगड. दोन बाकं. आणि एक पाटी, 'फुले तोडू नयेत'.

ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "लाल फुलंच पाहिजेत तं पळस हाये ना."

"पळसाला फुलं येतात?" मी विचारलं. पळस मला पत्रावळीपुरता माहीत होता. काकू तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पण हसू नका. चूक करायची पाळी त्यांचीही आली, आणि ती चूक फक्त पांढुर्णा-सौसरचाच माणूस करू शकतो. आमच्या गल्लीत ज्याला त्याला संत्र्याचा बगिचा. कुणाचा स्वतःचा, कुणाच्या सासऱ्याचा. तिथं झाड म्हणजे संत्र्याचं झाड, बाकीची नुसती सावली. तेव्हा गार्डबाबूंनी ओसरीवर सभा भरवली आणि पहाडीवर काय लावायचं असं विचारलं, तर सगळी गल्ली एका सुरात म्हणाली, "संत्रा!" आणि गार्डबाबूंचेही डोळे चमकले. सौसरकडून कलमं आली. बैलगाडीतून, ओल्या बारदानात गुंडाळून, नव्या नवरीसारखी.

त्या पावसाळ्यात आम्ही पहाडीवर संत्री लावली. उघड्या खडकावर! पायथ्याच्या विहिरीवरून पाणी न्यायचं, रिकाम्या हातानं कोणी चढायचं नाही, हा नियम. काकूंनी डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याची पितळी घागर, घेतला तर तो जन्मापासून तिथंच असल्यासारखा दिसायचा. मी घेतला तर वर पोचेपर्यंत गुंडात पाणी कमी आणि माझ्या पदरात जास्त. पहिल्या आठवड्यात बकऱ्यांनी निम्मी कलमं खाल्ली. त्या बकऱ्यांच्या दुधाच्या चहाला संत्र्याचा वास येतो, अशी आवई मीच उठवली होती. दोघी-तिघींना तो आलाही.

मग गार्डबाबूंनी कुंपण घातलं. बोरीच्या आणि बाभळीच्या काट्या रचून, पहाडीच्या एका अंगाला भलं मोठं कडं. गुराख्यांच्या वाडीत जाऊन बसले, चहा प्यायले, आणि ठरवलं की कुंपणाच्या आत जनावर घालायचं नाही, त्याबदल्यात आतलं गवत ज्यानं त्यानं विळ्यानं कापून न्यावं. गुराख्यांनी मानलं. गवत फुकट होतं आणि म्हाताऱ्याच्या रोजच्या येण्यापेक्षा गवत कापणं सोपं होतं.

संत्र्यांनी मात्र मानलं नाही. उन्हाळा आला. आम्ही पाणी ओतायचो आणि खडक ते गटागट पिऊन वर पाहायचा, आणखी आणा म्हणून. ज्येष्ठ लागेपर्यंत एक कलम जिवंत राहिलं नाही. सगळ्या काड्या.

गार्डबाबूंची शिट्टी बंद झाली. रविवार आला तसा गेला. ते ओसरीवर त्यांच्या लाकडी पेटीवर बसून राहायचे. गार्ड लोक गाडीवर जी पेटी नेतात तसलीच, पण ही सागवानी, त्यांनी हौसेनं करून घेतलेली. तिच्यावर दुसऱ्या कोणी बसायचं नाही. न्हाणीघराच्या बाहेर झेंडीसुद्धा लागेना. मला वाटलं होतं, सुटले बाई. आणि रविवारी सकाळी मी दोन दोन वेळा दारात जाऊन गल्लीत बघत होते. काकूंनी ते पाहिलं. "वाट पाहून राहिली काय व?" त्यांनी विचारलं. "छे," मी म्हणाले, "दूधवाला."

पावसाळा लागल्यावर एका सकाळी, वारही रविवार नव्हता, गल्लीत अशी शिट्टी झाली की कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली. गार्डबाबू पहाडीवरून धावत आले होते. गुडघ्यापर्यंत चिखल. "चाला, चाला, सारे चाला!" आमचे हे शाळेत निघाले होते, मी पोहे टाकले होते. पोहे तसेच ठेवून गेलो.

कुंपणाच्या आत जिथं संत्री मेली होती, तिथं काळ्या खोडांतून फुटवे आले होते. सागाचे, ताटाएवढ्या पानांचे. धावड्याचे. एका दगडाच्या खोबणीतून आवळ्याचा. कोणी लावलं नव्हतं, कोणी पाणी घातलं नव्हतं. एक वर्ष बकरी आत आली नाही, कुऱ्हाड आली नाही, कुंपणापाशी गवत कापल्यामुळं वणवा बाहेरच विझला, एवढंच झालं होतं.

गार्डबाबू त्या खोडांमध्ये उकिडवे बसले. "आपन नवे पॅसिंजर चढवून राह्यलो होतो," ते म्हणाले, "अन् जुने डब्यातच बसून होते. कोनी पाह्यलंच नाही."

मग उठले आणि नवा नियम सांगितला. "आता काही लावाचं नाही. फक्त कोनाले उतरवाचं नाही."

काही न लावणं फार कठीण असतं, हे तेव्हा कळलं. हातांना चाळा हवा असतो. आम्ही कुंपण दुरुस्त करायचो, एका खोडाला दहा फुटवे आले तर दोन जोरदार ठेवून बाकीचे छाटायचो, उन्हाळ्याआधी कडेचं गवत कापून वणव्यासाठी मोकळा पट्टा करायचो. काम झालं की पायथ्याला उतरून गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायचे आणि वांग्याची भाजी. वर चूल पेटवायची नाही, विडीसुद्धा नाही. मी तेव्हा नागपूरला बदली व्हावी म्हणून जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलून ठेवला होता. पण रोडग्यांवर तूप ओतताना मारुतीला म्हणायचे, घाई नाही रे बाबा, वांगी संपू दे.

तिसऱ्या वर्षी फुटवे मनगटाएवढे झाले, सरळसोट. आणि घोळ तिथंच झाला. कारण मनगटाएवढं सरळ लाकूड म्हणजे होळीचं लाकूड.

आमच्या गावात होळीला लाकूड चोरणं ही चोरी धरत नाहीत. कुणाचं फाटक जावं, कुणाची बाज जावी, मालकानं हसून घ्यावं. आणि एकदा होळीवर पडलेलं परत मागायचं नाही. त्यात नदीपलीकडच्या मोहल्ल्याशी आमची चढाओढ, कुणाची होळी उंच. आमच्या मोहल्ल्याचा म्होरक्या एका कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा होता. दंड असे, की सदऱ्याच्या बाह्या उसवायच्या. सगळे त्याला पहिलवान म्हणायचे. त्या साली पोट्ट्यांनी कुऱ्हाडी पाजळल्यात आणि पहाडीवर जायचं ठरलंय, ही बातमी काकूंना पिठाच्या चक्कीवर कळली.

गार्डबाबू जंगलखात्याच्या नाकेदाराकडे गेले. तो बिचारा म्हणाला, मी एकटा, पहाड्या दहा, होळी एक. मग ते पहिलवानाला भेटायला गेले नाहीत. त्यालाच ओसरीवर बोलावून चहा दिला. मी दाराआडून ऐकत होते. सभ्य बायका दाराआडून ऐकत नाहीत, पण सभ्य बायकांना काही कळतही नाही.

"पऱ्हाट्यायची होळी करा ना," गार्डबाबू म्हणाले. "वावरावावरात कापसाच्या पऱ्हाट्या पडून हायेत. पाहिजे तेवढ्या न्या."

"पऱ्हाटीची?" पहिलवानाला ठसका लागला. "बाबू, फर्रकन पेटन अन् फुस्सकन विझन. नदीपलीकडचे सालभर हसतीन आमाले."

"किती लाकूड पाहिजे तुमाले?"

"पहाडीवरचं एका फेरीत होते."

"पहाडीवरची काडी नाही. माह्या घरातलं न्या. जे लागन ते."

पहिलवान हसला. "सोचून घ्या हं बाबू. होळीत गेलेलं वापस नाही भेटत."

"मी मालगाडीचा गार्ड होतो रे. गेलेलं वापस येत नाही, हे मले नको सांगू."

तो गेल्यावर मी बाहेर आले. मला राग आला होता. घर त्यांचं असलं तरी त्यात आम्हीही राहत होतो. "एवढं काय आहे त्या पहाडीत?" मी विचारलं.

ते पेटीवर हात फिरवत म्हणाले, "तिगावले लाकूड चढे. साग, धावडा, सारं. माह्याच गाडीले. मी मांगच्या डब्यात. दर खेपेले जाता जाता पाहो, पहाडी थोडी उघडी पडून राहिली. पुढच्या खेपेले आनखी थोडी. ड्रायव्हरले काय दिसते? त्याच्यापुढं पटरी. मांगं मीच होतो." त्यांनी पेटीची कडी वर केली, सोडली. "हे पहाडी मीच नागपूरले नेली, पोरी. थोडी थोडी करून. सिग्नल हिरवं होतं, म्हनून नेली."

इथं मी काय म्हणावं? मी काय म्हणाले ते सांगते. मी म्हणाले, "पण आमच्या नागपुरात तर कुठं दिसत नाही ती!"

गार्डबाबूंनी दारातून आत पाहिलं. आत माझं सागवानी टेबल उभं होतं. मला त्या रात्री आरशासमोर वेणी घालताना सारखं वाटत होतं की आरशामागून कोणीतरी बघतंय.

होळीच्या दिवशी सकाळपासून त्यांनी घरभर चिंध्या बांधल्या. न्यायचं त्याला हिरवी, ठेवायचं त्याला लाल. शिडीला हिरवी. दोन्ही बाजांना हिरवी. माडीच्या कठड्याला हिरवी. न्हाणीघराच्या दाराला हिरवी, तेव्हा मी किंचाळले. देवघराला काकूंनी स्वतः लाल बांधली आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अन् मले? मले कोनती?"

"तुले लाल," गार्डबाबू म्हणाले. "तू ऱ्हाय."

काकू तोंड फिरवून चुलीशी गेल्या. म्हणाल्या धूर गेला डोळ्यांत. चूल पेटलेली नव्हती.

दुपारी पोट्टे आले. आधी खिदळत होते. बाजा निघाल्या, शिडी निघाली, कठडा उखडला, तसे हळूहळू गप्प झाले. चोरायची मजा असते, असं उघड्या दारातून उचलून नेण्यात काय मजा! शेवटी ओसरीवर पेटी राहिली. तिलाही हिरवी चिंधी होती.

पहिलवानानं ती पाहिली. "हे राहू द्या, बाबू."

"चिंधी दिसत नाही काय?"

"पन हे तुमची..."

"उचल." एका बाजूची कडी त्यांनी स्वतःच धरली होती. दुसरी पहिलवानाला धरावीच लागली. दोघं ती पेटी चौकात घेऊन गेले, म्हातारा मागे, पहिलवान पुढे.

चौकात रचून पाहिलं. आणि सांगते, एवढं घर उपसून सुद्धा ढीग छातीएवढाच. नदीपलीकडून ढोल वाजत होते. पोट्ट्यांतला एक जण हळूच म्हणाला, "अजून कमीच हाये. चार-सहा बल्ल्या वरून आनल्या तं..." कोणी पहाडीचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. पहिलवान खाली पाहत होता. गार्डबाबू उभे होते. त्यांच्याजवळ आता द्यायला काही नव्हतं. मी त्यांना इतकं मोकळ्या हातांचं कधी पाहिलं नव्हतं. काखेत झेंड्याही नव्हत्या.

मला काय झालं कोण जाणे. तीन वर्षं त्या खडकावर चढत होते मी, त्यातलं एक अख्खं वर्ष गुंड वाहून माझी टाळू चपटी झाली होती. "थांबा!" मी ओरडले. चौकात सुनेनं ओरडायचं नसतं. धावत घरी गेले, टेबलाचा आरसा काढून गादीवर ठेवला आणि यांना म्हणाले, धरा. हे म्हणाले, "अगं, ते लग्नातलं..." मी म्हणाले, "धरा!"

लोक नंतर माझ्या त्यागाचं फार कौतुक करायचे आणि मी मान खाली घालून ते ऐकून घ्यायचे. आज खरं सांगते. त्या टेबलाचा एक पाय हलत होता, आणि ते सासूबाईंच्या पसंतीचं होतं.

पण टेबल ढिगावर पडलं आणि समोरच्या घरातली म्हातारी उठली. "मास्तरनीनं देल्लं, तं आमी काय भिकारी हाओ?" म्हणत तिनं बैलगाडीचं मोडकं चाक लोटत आणलं. मग तिच्या शेजारणीला राहवेना, तिनं जुना पाळणा आणला. कुणी जू आणलं, कुणी कीड लागलेलं कपाट, एकीनं नवऱ्याची आरामखुर्ची आणली आणि नवरा मागून हात जोडत आला. गल्लीतल्या बायका एकदा चढाओढीला लागल्या की पहिलवान काय करणार! ढीग एवढा झाला की वर एरंडाची फांदी खोचायला एकाला दुसऱ्याच्या खांद्यावर चढावं लागलं. दिवेलागणीला होळी पेटली. सागवान असा जळत होता, शांत, लांबलचक ज्वाळा. नदीपलीकडचे लोक बघायला आले.

गार्डबाबू आगीपासून लांब, सगळ्यांच्या मागे उभे होते. त्यांच्या पेटीनं पेट घेतला तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड आगीकडे नव्हतंच. आम्ही किती जण चौकात आहोत आणि कोणी पहाडीकडे सटकलं नाही ना, ते पाहत होते.

धुळवडीच्या सकाळी रंगलेल्या तोंडांनी आम्ही वर गेलो. कुंपणाचा एक काटा हलला नव्हता. पहिलवान आधीच येऊन बसला होता, एकटा, तोंड जांभळं. "बाबू," तो म्हणाला, "पुढच्या साली काय देसान?"

"पुढच्या साली घरात मीच राहीन तेवढा," गार्डबाबू म्हणाले. "मले हिरवी बांधजो."

सगळे हसलो. पहिलवानाला मात्र हसू आलं नाही. पुढच्या वर्षापासून वणव्याचा पट्टा तोच कापायला लागला, आणि होळीच्या आठ दिवस आधी आमच्या मोहल्ल्यात घराघरांतून मोडकं लाकूड मागायला पोट्टे हिंडू लागले. न्हाणीघराला दार बसायला पावसाळा उजाडला. तोवर बारदानाचा पडदा होता, आणि आत जाणारानं मोठ्यानं अभंग म्हणायचा, असं काकूंनी ठरवलं होतं. माझे सगळे पाठ असलेले अभंग त्या चार महिन्यांतले.

मारुतीनं नवस ऐकला, पण मी विसरल्यावर. यांची नागपूरला बदली झाली. सामान ट्रकवर चढत होतं आणि मी न्हाणीघरात, दार लावून, रडत होते. गार्डबाबूंनी बाहेर खुंटीला लाल झेंडी लावून ठेवली, म्हणजे कोणी मला हाक मारू नये. असं कोणी माझ्यासाठी त्याआधी काही केलं नव्हतं. आजही कुणाच्या घरी नवी सून आली की मी तिच्या पायांकडे पाहते, आणि ती मला चावट समजते.

गार्डबाबू गेले, काकू त्यांच्यामागून गेल्या. त्यांना मी आभार असे कधी मानलेच नाहीत. आमच्यात तसं बोलायची पद्धत नव्हती, आणि मला तेव्हा वाटायचं की उपकार मीच करतेय, एवढं पाणी वाहून.

गेल्या हिवाळ्यात सूनबाईला घेऊन गेले. ती पुण्याची, खरीखुरी. माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत, त्यामुळे चढायला बराच वेळ लागला. वाट पानांतून जाते. साग, धावडा, आवळे, कुठं कुठं पळस. मध्येच इतकी गार सावली लागली की मी पदर अंगाभोवती घेतला. माथ्यावर पोचल्यावर सूनबाईनं मोबाईल काढला, इकडे वळली, तिकडे वळली, एका दगडावर चढली, टाचा उंच केल्या आणि वैतागून म्हणाली, "आई, एवढं चढून आलो आणि इथून काहीच दिसत नाही! जिकडे बघावं तिकडे झाडंच मध्ये येतात."

मला असं हसू आलं की खाली बसावं लागलं. "अगं, पूर्वी सगळं दिसायचं," मी म्हणाले. "गाव दिसायचं, नागपूरची गाडी दिसायची, कुणाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय तेसुद्धा दिसायचं."

"मग काय झालं?"

"मग," मी म्हणाले, "आमचे गार्डबाबू आले."